फळ्या जपल्या, कायदा विसरलो

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराच्या उत्तरेला नंडा नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका घराची नोंद क्वीन्सलँड राज्याच्या वारसा यादीत आहे. 1910 साली बांधलेलं साधं लाकडी घर. त्याच काळातल्या इतर घरांमधून ते उठून दिसावं असं त्याच्यात फारसं काही नाही. यादीतलं त्याचं नाव मात्र मला फार आवडतं: 'वर्कर्स ड्वेलिंग नंबर वन', कामगाराचं घर क्रमांक एक. वाड्या-बंगल्यांना माणसांची नावं असतात, देवांची असतात. या घराला फायलीतला क्रमांक आहे आणि तो क्रमांकच त्याचा इतिहास आहे. क्रमांक एक म्हणजे पुढे दोन आला, तीन आला, आणि बघता बघता हजारो आले.

ही हजारो घरं एका कायद्यातून उभी राहिली. क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने 1909 मध्ये 'वर्कर्स ड्वेलिंग्ज ॲक्ट' मंजूर केला. तेव्हा प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, होते विल्यम किड्स्टन. स्कॉटलंडहून आलेला हा माणूस मूळचा लोखंडाच्या ओतकामाचा कारागीर. नंतर त्याने रॉकहॅम्प्टनला पुस्तकांचं दुकान चालवलं. कायद्याची कल्पना सरळ होती. ज्याची वर्षाची कमाई 200 पौंडांच्या आत आहे, ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे पण स्वतःचं घर नाही, त्याला घर बांधायला सरकार कर्ज देईल. फेड हप्त्याहप्त्याने, लांब मुदतीची. पैसे हातावर ठेवून सरकार मोकळंही झालं नाही. घरांचे नकाशे खात्याने तयार केले, त्यातला झेपेल तो निवडायचा. काम चालू असताना खात्याचा माणूस येऊन लाकूड, खिळे, पत्रा तपासून जायचा. ज्या काळात कामगाराने भाड्याच्या खोलीत जन्म काढायचा हेच गृहीत होतं, त्या काळात राज्याने म्हटलं की याचं घर व्हावं ही आमचीही जबाबदारी आहे. पुढे 1919 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने 'वर्कर्स होम्स ॲक्ट' आणला आणि ज्यांच्याकडे जमीनही नव्हती त्यांना कायमच्या भाडेपट्ट्याने जमिनीसकट घर मिळायची वाट खुली केली.

मी या शहरात गेली बावीस वर्षं राहते. वृद्धांच्या एका निवासात काम करते. सध्या इथे घरांवरून जो वाद पेटला आहे तो रोज ऐकते, आणि त्यात दोन्ही बाजूंचं काहीतरी निसटतंय असं मला मनापासून वाटतं. एक बाजू म्हणते, शहराच्या मध्याजवळची ही जुनी लाकडी घरं अडवून ठेवलीत म्हणून नव्या इमारती उठत नाहीत, म्हणून घरं महाग. 2032 चं ऑलिंपिक तोंडावर आहे, माणसं येतायत, नियम सैल करा. दुसरी बाजू म्हणते, एका फळीलाही हात लावू नका. माझं म्हणणं असं आहे: घर जपायलाच हवं, पण ज्या व्यवस्थेने ते बांधलं ती व्यवस्थाही वारशाचाच भाग आहे. तिला बाहेर ठेवून नुसत्या फळ्या जपल्या तर आपण अर्ध्याच गोष्टीचे राखणदार होतो.

आधी घराबद्दल बोलते, कारण ही घरं आतून ओळखल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत देणं बरोबर नाही. इथे आल्यावर पहिली सात वर्षं मी अशाच एका जुन्या कामगार-घरात भाड्याने राहिले.

हे घर जमिनीवर बसत नाही, खुंटांवर उभं राहतं. इथे 'स्टंप' म्हणतात. टणक लाकडाचे गोल खुंट रांगेने पुरलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याची उपडी ताटली, 'अँट कॅप'. आपल्याकडे कोकणात वाळवीने तुळया पोखरलेल्या कुणी पाहिल्या नाहीत? इथली वाळवीही तशीच, आणि घर तर सगळंच लाकडाचं. ती पत्रा खाऊ शकत नाही. वर चढायचं तर तिला मातीची नळी बांधत ताटलीच्या कडेवरून वळसा घालावा लागतो, आणि ती नळी उघड्यावर येते. ताटली वाळवीला थांबवते असं नाही, ती तिला लपून येऊ देत नाही. आमचे घरमालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. दर दोन-तीन महिन्यांनी टॉर्च घेऊन घराखाली शिरायचे, एकेका ताटलीच्या कडेवरून उजेड फिरवायचे, मग हातोडीच्या दांड्याने खुंटावर टकटक करायचे. भरीव आवाज आला की पुढचा खुंट. एकदा एका खुंटापाशी ते थांबले, पुन्हा ठोकलं, कान लावला, आणि मला म्हणाले, "हा गेला." पुढच्याच आठवड्यात दोन माणसं जॅक घेऊन आली, तेवढा कोपरा बोटभर उचलला, खुंट काढला, नवा बसवला. आम्ही वर चहा पीत होतो. शंभर वर्षांच्या घराचा पाया असा एकेक तुकड्याने बदलता येतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीचं तर आणखी नवल. लाकडी घराला साधारणपणे सांगाडा असतो, त्याच्या बाहेरून एक फळ्यांचा थर आणि आतून दुसरा. क्वीन्सलँडने दुसरा थरच काढून टाकला. एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या फळ्यांचा एकच पडदा, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा. आणि पडवीच्या आडोशाला असलेल्या भिंतीचे खांब, आडव्या पट्ट्या, तिरपे आधार सगळे बाहेरून उघडे. तेच घराचं नक्षीकाम. रिचर्ड सूटर नावाच्या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात शाळा आणि चर्चसाठी ही पद्धत वापरली आणि हळूहळू ती घरांतही रुळली. कारणं व्यवहाराची होती. हूप पाइनची जंगलं जवळ होती, लाकूड कापणाऱ्या गिरण्या होत्या, हवा मवाळ होती. अर्ध्या लाकडात भिंत होत असेल तर दुप्पट कशाला वापरायचं? छपराला नालीदार पत्रा, कारण तो हलका आणि झटपट बसणारा. पुढे पडवी. मध्ये बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, दारांच्या वर वारा खेळावा म्हणून जाळीदार लाकडी पट्टी. स्वयंपाकघर बऱ्याचदा मागे वेगळं, चुलीची आग घरापर्यंत येऊ नये म्हणून.

या घरात राहायला गैरसोय नव्हती असं मी म्हणणार नाही. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी कळायचं. जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, पहाटे फळ्यांच्या फटींतून थंडी सरळ पांघरुणात यायची. पण फेब्रुवारीत, उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना, सूर्य कलला की तासाभरात घर निवायचं, कारण एवढ्याशा लाकडात उष्णता साठून राहतच नाही. विटांच्या घरातल्या माझ्या मैत्रिणी तेव्हा मध्यरात्रीपर्यंत तळमळत असत. घराखालच्या मोकळ्या जागेत पावसात कपडे वाळायचे, मुलांच्या सायकली राहायच्या. आणि या शहराला पूर काही नवा नाही. 1893, 1974, 2011, 2022. उंच खुंटांवरच्या घराखालून पाणी येऊन जाऊ शकतं. नंतर घराखाली विटांच्या भिंती बांधून जिथे खोल्या केल्या, तिथे ते थेट खोलीत शिरतं.

आणि परसात आंब्याचं झाड होतं. ब्रिस्बेनच्या जुन्या परसांत ते हमखास भेटतं. त्यामागेही कायदाच आहे. 1885 मध्ये क्वीन्सलँडने जमिनीचे फार बारीक तुकडे पाडायला बंदी केली. त्याआधी स्प्रिंग हिलसारख्या भागात कामगारांची घरं चिमुकल्या तुकड्यांवर भिंतीला भिंत लावून उभी राहत होती. दाटी, घाण, रोगराई. नवा नियम असा की तुकडा किमान 16 पर्चचा हवा आणि रस्ता 66 फुटांचा. 16 पर्च म्हणजे एकराचा दहावा हिस्सा, आपल्या हिशेबात बरोब्बर चार गुंठे. आपला गुंठाही 33 फूट बाय 33 फूट, आणि 66 फूट म्हणजे इंग्रज मोजणीदाराची एक साखळी. त्याच मापाने तिथेही जमीन मोजली, इथेही. चार गुंठ्यांत मधोमध छोटं घर आणि भोवती झाडाला जागा, ही या शहराची ओळख निसर्गाने दिलेली नाही. ती विधिमंडळात ठरली.

आता जपणुकीबद्दल. ब्रिस्बेनला वारशाचं भान फुकट आलेलं नाही. 1979 च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोरचं बेलव्ह्यू हॉटेल सरकारनेच मध्यरात्री पाडलं. लोक रस्त्यावर उभे राहून ओरडत होते. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये टेकडीवरचं क्लाउडलँड हे नाचघर पहाटेच्या अंधारात जमीनदोस्त झालं. इथल्या माझ्या वयोवृद्ध रहिवाशांपैकी काहीजण तिथे आपल्या जोडीदाराला पहिल्यांदा भेटले होते. त्या नावासरशी त्यांचे चेहरे आजही उजळतात आणि लगेच पडतात. या जखमांनंतर दहा वर्षांनी, 1992 मध्ये, राज्याचा वारसा कायदा आला. शहर पालिकेनेही नियम केला की ठरावीक जुन्या वस्त्यांत 1946 पर्यंत बांधलेलं घर परवानगीशिवाय पाडता येणार नाही. हा नियम नसता तर या घरांपैकी किती उरली असती? माझ्या अंदाजाने फार थोडी.

म्हणून नियम सैल करा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांच्यातल्या तरुणांचा राग मला कळतो. भाडं भरून महिन्याअखेर हातात काही उरत नाही हे मी माझ्या सहकाऱ्यांचं रोज बघते. पण घर पाडलं की तिथे परवडणारी घरं येतील, हे समीकरण मला आजूबाजूला कुठे दिसलेलं नाही. जुनं घर गेलं की बऱ्याचदा चार गुंठ्यांवर एकच मोठं घर उभं राहतं, किंवा दोन महागडी. फळ्या कचराडेपोत जातात. त्या फळ्या ज्या जुन्या जंगलांच्या होत्या ती जंगलं आता नाहीत, तसं दाट रेषांचं लाकूड पैसे मोजूनही मिळत नाही. शिवाय जास्त माणसं सामावून घ्यायची तर हे घर त्याला आडकाठी करत नाही. मुळात ते हलतं. उचलून पुढे सरकवता येतं, ट्रकवर घालून दुसऱ्या गावाला नेता येतं. रात्री रस्ता अडवून घर चाललेलं मी स्वतः पाहिलं आहे. ते रस्त्याकडे सरकवा आणि मागच्या दोन गुंठ्यांत आणखी एक छोटं घर बांधू द्या. उंच इमारती स्टेशनांजवळ होऊ द्या, नंडाच्या स्टेशनाभोवती त्या झाल्याच आहेत. वस्तीतलं लाकडी घर आणि स्टेशनाजवळची इमारत एकमेकांच्या आड येत नाहीत.

पण जपणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त मोठं आहे, कारण मी स्वतःला त्यांच्यातली समजते. पालिकेचा नियम घराकडे रस्त्यावरून बघतो. रस्त्यावरून दिसणारी पडवी, छपराचा उतार, लाकडी कठडा शाबूत राहिला की नियमाचं समाधान होतं. आत काय होतं? एकेरी भिंतीला प्लास्टरबोर्डाचं अस्तर लागतं, फटी बुजतात, वाऱ्याचा बोळ तोडून एक मोठा हॉल होतो, मागे घराच्या दुप्पट काचेचा भाग जोडला जातो, खाली दोन गाड्यांचं गॅरेज येतं आणि बारा महिने एसी लागतो. रस्त्यावर उभं राहून फोटो काढला तर 1910. वारसा म्हणून आपण जे राखलं ते तोंडावळा, घराची अक्कल नाही. मी ज्या घरात भाड्याने राहिले ते आज असंच झालं आहे. गेल्या वर्षी त्यावरून जाताना खाली वाकून पाहिलं, खुंटांच्या जागी लोखंडी खांब होते. ताटली एकही नव्हती. लोखंडाला वाळवी लागत नाही हे मला कळतं, तरी मला वाईट वाटलं.

किमतीचं तर बोलायलाच नको. कामगारासाठी म्हणून कायदा करून बांधलेली ही घरं आता दहा लाख डॉलरच्या पुढे विकली जातात. विकणाऱ्याच्या जाहिरातीत 'वर्कर्स कॉटेज' हे शब्द मोठ्या अक्षरात असतात. शब्द राहिला आणि त्यातला माणूस निघून गेला. यात घेणाऱ्याचा दोष नाही, त्याने आयुष्यभराची कमाई ओतलेली असते. दोष आपल्या वारशाच्या व्याख्येचा आहे.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर लेख खोटा ठरेल. 1909 चा कायदा उदार होता, पण ज्या देशात तो झाला त्याने 1901 मध्येच परदेशी स्थलांतराला अटकाव करणारा कायदा करून आमच्यासारख्यांना दार बंद केलं होतं. गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं ते धोरण पूर्णपणे संपायला 1973 उजाडलं. ज्या जमिनीचे चार-चार गुंठे पाडले ती तुर्बल आणि यागेरा लोकांची होती, आणि त्यांना त्यासाठी कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा नंबर वनचं दार माझ्यासाठी उघडलं नसतं. तरीही मला ते घर माझं वाटतं, कारण त्यातली कल्पना त्या काळाच्या पूर्वग्रहांपेक्षा मोठी आहे. तिला आज आपण तेवढ्या चौकटीत ठेवायची गरज नाही.

ही कल्पना मला इतकी का लागते, त्याचं कारण डिलाईल रोडला आहे. माझे वडील तिथल्या बीडीडी चाळीत वाढले. 160 चौरस फुटांची खोली, मजल्याला सामाईक संडास, खोलीत आठ माणसं. मुंबई सरकारनेही 1920 च्या दशकात कामगारांसाठी घरं बांधली: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून 207 चाळी. क्वीन्सलँडने कामगाराला कर्ज देऊन मालक केलं, मुंबईने भाडेकरू केलं. एकाच साम्राज्यातल्या दोन सरकारांनी दहा वर्षांच्या अंतराने हे दोन वेगळे निर्णय घेतले. आता त्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळ जाते म्हणून हळहळणारे माझे नातेवाईक आहेत, आणि त्या व्हरांड्याचं मोल मीही जाणते. पण त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांबरोबर, आधीच्या तिपटीहून मोठ्या घरात ती कुटुंबं राहणार असतील तर तिथे काहीतरी महत्त्वाचं टिकलं, असं मी मानते. वरळीत माणसं राहिली, इमारत गेली. ब्रिस्बेनमध्ये इमारत राहिली. मला दोन्ही हवंय, आणि ब्रिस्बेनमध्ये ते अजून शक्य आहे, कारण इथे घर अजून उभं आहे.

म्हणून पालिकेने सूचना मागवल्या तेव्हा मी चार गोष्टी लिहून पाठवल्या. रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाइतकंच महत्त्व एकेरी भिंतीला, बोळाला आणि घराखालच्या मोकळ्या जागेला द्या. जो मालक ते राखेल त्याला दुरुस्तीसाठी मदत द्या, कारण जुने खुंट आणि जुन्या फळ्या नीट करणारे सुतार महाग आहेत. मागच्या परसात दुसरं घर बांधायची परवानगी सोपी करा, पण ते ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या माणसाला भाड्याने द्यायच्या अटीवर. आणि चौथी, जी पालिकेच्या हातात नाही हे माहीत असूनही मी लिहिली: राज्याने पुन्हा कर्ज देणारा व्हावं, आणि सरकारी मोकळी जमीन विकून टाकण्याऐवजी 1919 सारखी भाडेपट्ट्याने द्यावी. नंबर वनला वारसा यादीत जागा मिळाली ती या योजनेमुळेच. जी योजना राज्याला जपण्याइतकी मोलाची वाटते, ती पुन्हा चालवायला संकोच कसला?

"काळ बदलला, आता एवढा पैसा सरकार कुठून आणणार," असं मला सांगितलं जातं. 1909 चं क्वीन्सलँड श्रीमंत नव्हतं. 1890 च्या दशकात तिथल्या बँकांनी दारं लावून घेतली होती, आणि 1902 पर्यंत चाललेल्या दुष्काळाने मेंढरं, गुरं संपवली होती. त्या आठवणी ताज्या असताना त्या लोकांनी हा कायदा केला.

माझ्या कामावर एक सहकारी आहे, वयाने माझ्या मुलीएवढी. तिची पाळी सकाळी सातला सुरू होते, म्हणून ती कॅबूल्चरहून पहाटेची गाडी धरते. शहराजवळ भाडं परवडत नाही. एका नव्वदीच्या आजींचे केस विंचरताना तिने मला विचारलं, "तू ते कुठलं घर सारखं सांगत असतेस, ते आहे तरी कुठे?" मी म्हटलं, नंडाला. ती म्हणाली, "माझी गाडी रोज तिथूनच जाते की. पण थांबत नाही."